तीन महिन्यांची फेरी

राणीसावरगाव-परभणी गाडीत पंचफुला कंडक्टर असली की डोळे मिटून बसलेल्या माणसालाही कळायचं. तिकिटाआधी तिची विचारपूस यायची. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या कापसाला बोंडअळी लागली, कुणाचा जावई रुसून बसला, हे गंगाखेड सुटल्यावर दैठण्यापर्यंत गाडीभर होऊन जायचं, आणि पोखर्णी येईस्तोवर त्यावर पंचफुलेचा निकालही लागलेला असायचा. ड्रायव्हर बन्सीधर आरशातनं बघून म्हणायचा, "बाई, कोर्ट उठलं असंल तर बेल मारा."

लग्न करून सासरी गेलेली पंचफुला वर्षाच्या आतच माघारी आली होती. का आली हे विचारायला बाया जमल्या, तर ती अंगणात ज्वारी पाखडत बसलेली. "नवरा बरा होता, पर बोलायचाच न्हाई. मुक्याच्या घरात माझ्या तोंडाला गंज चढला असता," एवढं सांगून तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. गावानं आणखी काही जोडायच्या आत ती एसटीच्या भरतीत निवडली गेली. खाकी शर्ट, कमरेला पट्टा, गळ्यात तिकिटाचं मशीन. तिच्या वडलांनी, तात्यारावांनी, पहिल्या दिवशी स्टँडवर उभं राहून लेकीकडून तिकीट घेतलं आणि गंगाखेडपर्यंत जाऊन तसेच परत आले. ते गावचे कोतवाल म्हणून निवृत्त झालेले. कायद्याचा कागद त्यांच्या दृष्टीनं घराच्या भिंतीइतका खरा. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्यांच्या खाली खुंटीला टांगलेला तात्यारावांचा जुना बिल्ला, असं ते घर.

भाऊ नागेश पंचफुलेहून लहान. हंगामात साखर कारखान्यावर, एरवी मिळेल तिथं. त्याची बायको बबिता इतकी हळू बोलायची की पंचफुला तिला म्हणायची, "बबे, तुझं बोलणं ऐकायला गाडी बंद करावी लागती."

बबिता गंगाखेडला बाळंत झाली तेव्हा पंचफुला ड्युटी संपवून तशीच खाकीत दवाखान्यात पोचली. नागेश मिठाईच्या दुकानासमोर उभा होता. तिकडच्या रीतीनं मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर जिलेबी. दुकानदार दोन्हीकडं हात दाखवून थांबलेला. नागेशनं फोन लावला, "आक्का, काय घेऊ?"

पंचफुला आत सिस्टरसमोर उभी होती. सिस्टरनं बाळ दिलं, वजन सांगितलं, बाळ रडलं हेही सांगितलं, आणि नेमकी तीच एक गोष्ट सांगितली नाही. मग डॉक्टरांनी बोलावून घेतलं. बाळ धडधाकट होतं. लघवीची जागा मात्र पुरती घडलेली नव्हती, बाहेरून बघून मुलगा की मुलगी हे आत्ताच ठरवू नये, परभणीला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे जा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. बबिता भिंतीकडे तोंड करून पडली होती.

फोन अजून चालूच होता. "आक्का, बोल की. मागं गिऱ्हाइकं उभी हायेत."

पंचफुलेनं भाच्याकडं की भाचीकडं एकदा नीट बघितलं. लेकरानं जांभई दिली. "बालूशाही घे," ती म्हणाली.

गावात बालूशाहीची चर्चा बरेच दिवस पुरली. शेजारच्या कडूबाईनं तर दारातच गाठलं. पोरगं का पोरगी, ते सरळ सांग म्हणाली. "लेकरू हाय," पंचफुला म्हणाली. "तुमाला सोयरीक करायची हाय का आत्ताच?" कडूबाईनं मग ग्रहणाचा विषय काढला. बबितानं गरोदरपणी ग्रहण पाळलं नसणार, असं तिचं म्हणणं. तात्याराव ओट्यावरून खाकरले. त्यांच्या घरात ग्रहण कधीच पाळलं गेलं नव्हतं, आणि तरीही पंचफुला आणि नागेश दोघं ठणठणीत निपजले होते, हा त्यांचा पुरावा. कडूबाई गेली, पण बबिताच्या मनात ते बोलणं राहिलं. पुढं पुष्कळ दिवस ती चंद्राकडे बघायची नाही.

नाव ठेवायचा मान आत्याचा. लोक काय म्हणतील म्हणून नागेशला थांबायचं होतं. पंचफुला म्हणाली, बिननावाचं लेकरू म्हणजे बिनपाटीची गाडी, कुठं चालली कुणाला कळणार? तिनं मुलालाही चालेल आणि मुलीलाही शोभेल असं नाव शोधलं. बुद्धवंदना झाली, पाळण्यावर बाया वाकल्या, आणि पंचफुलेनं लेकराच्या कानात सांगितलं, बोधी. नंतर तिला वाटलं नीट ऐकू गेलं नसेल, म्हणून दुसऱ्या कानातही सांगितलं.

परभणीच्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या आणि एकेक वाक्य पुरं करून बोलणाऱ्या. त्यांनी बोधीचं रक्त तपासायला बाहेरगावी पाठवलं. सोनोग्राफीही केली. पहिल्या फेरीला तात्याराव बरोबर होते. सोनोग्राफीच्या दारावर पाटी होती, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. तात्यारावांनी ती पाटी मोठ्यानं वाचली. मग आतून बोधीला घेऊन बबिता बाहेर येईपर्यंत ते दुसऱ्यांदा मनातल्या मनात वाचत होते. परतीच्या गाडीत त्यांनी पंचफुलेला जवळ बोलावलं.

"पंचे, आपण गुन्हा तर करीत न्हाईत ना?"

"कसला गुन्हा, आबा?"

"त्या मशिनीत पोरगं का पोरगी बघत्यात. आपण तेच बघायला गेलो होतो की."

पंचफुलेला हे पटण्यासारखं वाटलं. तिनं सोनोग्राफी म्हटलं की हेच ऐकलेलं. गावात कुणी चोरून करून आलेलं, कुणाचं मशीन सील झालेलं. "आपलं लेकरू जन्मलेलं हाय, आबा," तिनं निकाल दिला. "जन्मल्यावर बघायला परवानगी असंल." तात्यारावांनी तिकीट खिशात ठेवलं, पण परभणीला जायला ते पुन्हा तयार झाले नाहीत.

मॅडमनी दर तीन महिन्यांनी यायला सांगितलं होतं. पुढच्या वेळी पंचफुलेनं स्वतःच्याच गाडीत बबिताला खिडकीपाशी बसवलं, बोधीला मांडीवर घेऊन तिकिटं फाडली, आणि परतीच्या फेरीला तासभर होता तेवढ्यात दवाखाना गाठला. रिपोर्ट आलेले होते. मॅडम म्हणाल्या, "क्रोमोसोम मुलाचे आहेत. जागेची दुरुस्ती पुढे ऑपरेशनने करता येईल. आता दुसरा रिपोर्ट, जीनचा..."

पंचफुला उभी राहिली होती. वर्षानुवर्षं चालत्या गाडीत उभी राहिलेली बाई, कुठं उतरायचं हे तिच्या पायांना आधी कळायचं. "लय उपकार झाले, मॅडम," म्हणत तिनं हात जोडले आणि नागेशला फोन लावत बाहेर पडली. बबिता मागं थांबली. ती बाहेर आली तेव्हा पंचफुला रिक्षात बसलेली होती.

"आक्का," बबिता म्हणाली, "मॅडम किडनीचं काय तरी सांगत होत्या. सोनोग्राफी चालूच ठेवा म्हणल्या."

"अगं, कळलं की आता. पोरगा हाय. आणखी काय बघायचं मशिनीत?"

रिक्षा खड्ड्यातून गेली, बोधी हसला, आणि बबिताचं पुढचं बोलणं राहूनच गेलं.

घरी पेढे आले. तात्यारावांनी ते सगळ्या गल्लीत वाटले आणि आता त्या पाटीखाली जायचं काम नाही म्हणून सुस्कारा सोडला. ठरलेली तारीख आली तेव्हा कापूस वेचणी चालू होती. तारीख गेली. बबितानं दोनदा आठवण करून दिली, तर नागेश म्हणाला, आक्का काय म्हणती बघू. आक्काचं म्हणणं सगळ्यांना ठाऊक होतं. बोधी बाळसेदार झाला होता, पोट गोल, दांडग्यासारखा रांगायचा. न्हाऊ घालताना बबिता त्याच्या पोटाला तेल चोळून चोळून जिरवायची.

परभणीच्या त्या दवाखान्यातली नर्स राजेश्री गंगाखेडहून रोज ये-जा करायची, बहुतेक पंचफुलेच्याच गाडीनं. एका संध्याकाळी गाडी स्टँडातून निघाल्यावर तिनं तिकीट घेता घेता विचारलं, "आक्का, तुमचं बाळ सोनोग्राफीला आलं नाही. मॅडम विचारत होत्या."

पंचफुलेनं मशीनचं बटण दाबलं आणि अर्ध्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, की कळलंय सगळं, पोरगा हाय, आता सोनोग्राफी कशाला? उलट तुमीच लोकं सारखी मशीन लावता, एखाद्या दिवशी पोलीस यायचे. दोन-तीन बाया हसल्या. राजेश्री हसली नाही. ती म्हणाली, गंगाखेडला उतरल्यावर पाच मिनिटं थांबाल का.

स्टँडवर गाडी रिकामी झाली. बन्सीधर चहाला गेला. राजेश्री पुढच्या बाकावर आडवी बसली आणि पंचफुला तिच्यासमोर उभी राहिली.

"बसा आक्का."

"सांगा की."

"बसल्यावर सांगते."

पंचफुला बसली. राजेश्रीनं सावकाश सांगितलं. ती सोनोग्राफी मुलगा-मुलगी बघायला कधीच नव्हती. ती किडनी बघायला होती. आईच्या पोटात किडनी आणि जननेंद्रियं शेजारी शेजारी घडतात, आणि त्यांना घडवायचं काम ज्या काही जीन्सकडे असतं, त्यातल्या एकात बोधीच्या बाबतीत चूक झालेली आहे. म्हणून जागा अर्धवट राहिली. आणि त्याच चुकीमुळे अशा काही लेकरांच्या किडनीत लहानपणीच गाठ होते. सगळ्यांना होत नाही, पण होऊ शकते, आणि वरून काही कळत नाही, लेकरू खातं-पितं, खेळतं.

पंचफुलेनं गळ्यातलं तिकिटाचं मशीन काढून मांडीवर घेतलं. "म्हणजे आमच्या डेपोतला कंट्रोलर," ती म्हणाली, "त्यानं एक हुकूम चुकीचा लिहिला तर दोन्ही गाड्या बिघडणार. आमी एकच गाडी आडवी उभी दिसली म्हणून तिच्याच मागं लागलोत."

"तसंच काहीसं."

"आणि दुसरी?"

"तीच बघायला बोलावतोय ना."

राणीसावरगावच्या फेरीला त्या दिवशी पंचफुला एकही जादा शब्द बोलली नाही. मागच्या बाकावरच्या म्हातारीनं तिला ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून बघितला. बन्सीधरनं आरशात बघितलं आणि गाडी हाकली.

घरी आल्यावर तिनं सगळ्यांना बसवून सांगितलं. तात्याराव पुन्हा त्या पाटीवर आले. मग त्यांनी स्वतःच थोडा विचार केला आणि म्हणाले, पाटीवर गर्भ लिहिलंय, किडनी लिहिलेलं नाही, मीच पुढचं वाचलं नाही. नागेश पायरीवर बसून होता, त्यानं मान वर केली नाही. बबिता बोधीला थोपटत होती.

"मी म्हणलं होतं, आक्का," ती म्हणाली. "तुमी ऐकलं न्हाई."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज ओट्यापर्यंत पोचला होता.

"न्हाई ऐकलं," पंचफुला म्हणाली. "चुकले मी, बबे. उद्या तिथं तूच बोल. मी बाकावर बसते, आन् तू ऊठ म्हणलीस की उठते."

दुसऱ्या दिवशी तिनं खरंच तसं केलं. बबिता मॅडमसमोर बसली आणि आपल्या हळू आवाजात एकेक प्रश्न विचारत गेली. मॅडमना ऐकायला पुढं वाकावं लागलं. सोनोग्राफीत डाव्या किडनीत गाठ दिसली. बोराएवढी. बबितानं बोधीचं झबलं खाली ओढलं. मग मॅडमनी सांगितलं की पोटाला तेल चोळणं आजपासून बंद, पोट कुणी दाबायचं नाही, आणि संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात लगेच जायचं.

पंचफुलेला बाकावर राहवलं नाही. बबितानं मान डोलावली, तेव्हा ती बोलली. "मॅडम, आमी तारीख चुकवली. त्यानं किती बिघडलं?"

"आणखी चुकवली असती तर मोठी झाली असती," मॅडम म्हणाल्या. "आत्ता लहान आहे. आपण लहान गाठीबद्दल बोलू."

हे वाक्य पंचफुलेनं पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. कुणी काय-काय होऊ शकतं ते सांगायला लागलं की ती म्हणायची, लहान गाठीबद्दल बोला.

संभाजीनगरला आधी औषधं चढवून गाठ आणखी लहान केली. अशा लेकरांना दुसऱ्या किडनीतही गाठ होण्याचा धोका असतो, म्हणून आख्खी किडनी न काढता तेवढाच भाग काढायचा, जमेल तितकी वाचवायची, असं तिथल्या डॉक्टरांचं ठरलं. औषधांनी बोधीचे केस गेले. तात्यारावांनी त्याला बघितलं आणि स्वतःही न्हाव्याकडे जाऊन आले. आजा-नातू ओट्यावर बसले की उन्हात दोन तांबे ठेवल्यासारखे दिसतात, असं कडूबाई म्हणाली. हे मात्र बबिताला आवडलं आणि ती हसली.

डेपोतल्या बायांनी पंचफुलेच्या ड्युट्या वाटून घेतल्या. ती वॉर्डात राहायला गेली आणि तिथं तिची गाडी पुन्हा सुरू झाली. वालूरची एक आई घाबरून जेवायचीच नाही, तिला तिनं दोन दिवसांत भाकरीवर आणलं. खाटांच्या मधून ती मशीनशिवाय हिंडायची, आणि प्रत्येक पोराला विचारायची, कुठं जायचंय? पोरं जत्रा म्हणायची, मामाचा गाव म्हणायची, एकीनं तर दुबई सांगितली. पंचफुला तोंडानंच कर्रर्र आवाज काढून तिकीट द्यायची. सुई लावायला येणाऱ्या सिस्टरलाही तिकीट घ्यावं लागायचं. बोधीनं पहिलं पाऊल टाकलं ते त्याच वॉर्डात, तिच्या खाकी पॅंटची शिवण धरून. एक पाऊल टाकलं, खाली बसला, आणि आजूबाजूच्या टकल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या म्हणून पुन्हा उठला.

ऑपरेशन झालं. गाठ पुरती निघाली. किडनीचा बराच भाग राहिला.

त्याच सुमारास नागेशचं आणि बबिताचं रक्त तपासून आलं. दोघांच्याही रक्तात ती चूक नव्हती. बोधी पोटात रुजतानाच ती नव्यानं झाली होती, कुणाच्या घराण्याकडून आलेली नव्हती. मॅडमनी हे सांगितल्यावर बबितानं पुन्हा एकदा विचारून घेतलं. त्या पौर्णिमेला ती बोधीला कडेवर घेऊन अंगणात उभी राहिली आणि बोटानं वर दाखवत म्हणाली, बघ, चांदोबा.

बोधी आता अंगणवाडीत जातो. जागेचं पहिलं ऑपरेशन झालं, एक राहिलंय. आपली लघवीची जागा डॉक्टरांनी नीट केली आणि किडनीतलं बोर काढलं, हे तो कुणालाही सांगतो, कारण घरात त्याच्यापासून काही लपवलेलं नाही. पुढं मोठा झाल्यावर स्वतःविषयी त्याला जे सांगायचं असेल ते तोच सांगेल, असं बबितानं ठरवून टाकलंय, आणि या बाबतीत पंचफुलेचा निकाल कुणी विचारत नाही. सोनोग्राफीची फेरी दर तीन महिन्यांनी होतेच. शाळेत जाण्याच्या वयापुढं आणखी काही वर्षं ती करायची आहे. लघवीही तपासायची. गाडीतल्या नेहमीच्या माणसांना तारीख ठाऊक असते. कुणी पेरू देतं. बोधी पेरू खिशात ठेवतो, कारण सकाळपासून उपाशी राहायचं असतं, आणि तेवढ्यावरून सगळ्या गाडीचा सल्ला ऐकत बसतो.

मागच्या फेरीला सोनोग्राफीच्या डॉक्टरांचा हात डाव्या बाजूला नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. बोधी सदरा हनुवटीखाली दाबून टेबलावर पडला होता. थंडगार जेल पोटावर पसरलं की त्याला हसू येतं, आज त्यानं आईकडं बघून ते आवरलं. बबितानं पंचफुलेचं मनगट धरलं होतं. पडद्यावर राखाडी ढग सरकत होते, त्यातलं काहीही पंचफुलेला वाचता येत नव्हतं. डॉक्टरांनी बोधीला कुशीवर वळवलं. पुन्हा बघितलं. उजवी बाजूही बघितली.

"आतड्यातला गॅस मध्ये येत होता," ते म्हणाले. "स्वच्छ आहे. दोन्ही बाजू स्वच्छ. काकडीसारखा ताजातवाना आहे तुमचा मुलगा."

"मी काकडी न्हाई," बोधी म्हणाला. "मला भूक लागली."

परभणीच्या स्टँडबाहेर गरम भजी उतरत होती. बबितानं पुडा घेतला, तिघं निंबाच्या सावलीत कट्ट्यावर बसले. बोधीनं दोन्ही हातांनी भजी उचलली. फुंकर मारायलाही त्याला दम नव्हता. एक भजं त्यानं आईच्या तोंडात घातलं, मग आत्याकडं बघितलं.

"आत्या, तू कामून खाईनास?"

आपणही सकाळपासून काही खाल्लं नाही, हे पंचफुलेच्या तेव्हा लक्षात आलं. तिला कुणी उपाशी राहायला सांगितलं नव्हतं. दर फेरीला असंच होत असणार, आणि तिला ते कधी कळलंच नव्हतं.

"खाते की," ती म्हणाली, आणि पुड्यातलं सगळ्यात मोठं भजं उचललं. त्यात आख्खी मिरची निघाली. डोळ्यांतून पाणी आलं, तरी ती खातच राहिली.